रक्तातले सूर आणि उन्हाळी शिबीर

'गाणे रक्तात असावे लागते,' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. खानदानी मुलाचे कौतुक करताना हे वाक्य येते आणि परक्या मुलाला उस्तादांच्या दारातून परत पाठवतानाही हेच येते. या समजाला जपानच्या एका शिक्षकाने दिलेला धक्का आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

शिनिची सुझुकी यांचा जन्म १८९८ सालचा, नागोयाचा. वडील मासाकिची शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचे कारागीर; पुढे त्यांनी व्हायोलिनचा कारखाना काढला. (हत्यारे घडवणारे मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारींकडे वळले, ते इथे आठवतेच.) गंमत अशी, की कारखान्यात वाढलेल्या शिनिचींना व्हायोलिन हे खेळणे वाटे. मिशा एल्मन यांची तबकडी ऐकली आणि सतराव्या वर्षी ते स्वतःच वाजवू लागले. पुढे बर्लिनला कार्ल क्लिंगलर यांच्याकडे तालीम घेतली. परतल्यावर मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आले, की जपानचे प्रत्येक मूल जपानी बोलते! एवढी अवघड भाषा, पण तिच्यासाठी कुणी रक्त तपासत नाही. मूल ऐकते, आई पुन्हा पुन्हा बोलते, चुकले तरी घर हसून कौतुक करते. मग सूरही असेच का देऊ नयेत?

खरे तर आपली घराणीही हेच सांगतात. उस्तादांचा मुलगा पाळण्यातून तंबोरा ऐकतो. आपण त्याचे श्रेय कानाला न देता रक्ताला देतो, इतकेच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, तेव्हा तेही हे दार उघडतच होते.

युद्धानंतर मात्सुमोतो शहरात सुझुकींचे काम उभे राहिले. तिथे उन्हाळी वर्गही भरू लागले. १९५५ साली टोकियोत बाराशेच्या आसपास मुले एकत्र वाजवायला उभी राहिली. मुलांच्या अशाच सामूहिक वादनाची फिल्म १९५८ साली अमेरिकेत ओबर्लिन येथे दाखवली गेली. १९६४ साली दहा मुले घेऊन सुझुकी स्वतः तिकडे गेले. १९७१ साली मार्जरी एबर यांनी विस्कॉन्सिनच्या स्टीव्हन्स पॉइंट गावी उन्हाळी शिबीर सुरू केले आणि त्याच धर्तीची शिबिरे पुढे ठिकठिकाणी भरू लागली.

या शिबिरांत आई किंवा वडील मुलाबरोबर वर्गात बसतात, वहीत टिपून घेतात. मूळ पद्धतीत तर मुलाआधी आईनेच व्हायोलिन हाती धरायचे. शेजारच्या खोलीत शिक्षक शिकत असतात. मोठ्यांनी मुलांसमोर चुकायचे, ही गोष्ट आपल्या घरांत किती अवघड आहे ते वाचकांना सांगायला नको.

आमची एक तक्रार मात्र आहे. आईला वेळ आणि खिशात फी असेल, त्यालाच हे साधते. दिवसभर विड्या वळणारी आई वही घेऊन कुठे बसणार? मुलाभोवती सूर हवेत हे सुझुकींनी सांगितले; ते सूर परवडावेत कसे, हा प्रश्न शिल्लकच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या कारखान्यांतल्या मुलांनी वाजवायला कुठे शिकायचे, हे त्यात येत नाही.

समारोपाचा कार्यक्रम या शिबिरांत बहुधा उलटा चालतो. आधी अवघड रचना, मोजके वादक. मग रचना सोप्या होत जातात, एकेक रांग मंचावर येते. शेवटी 'ट्विंकल'ची पहिली धून. तेव्हा तीन-चार वर्षांची पोरेही हनुवटीखाली वीतभर व्हायोलिन धरून थोरल्यांच्या शेजारी उभी असतात.