नभोवाणीची वेळ आणि गावाची सांज

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. तिचा आधार ८२½ अंश पूर्व रेखांश हा होय. सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील वळसंग हे गाव या रेखांशाच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेस येते. अंशास ४ मिनिटे या हिशेबाने तेथील मध्यान्ह घड्याळातील बारानंतर सरासरी २६ मिनिटांनी होते. सूर्यास्तही वर्षभर सरकत राहतो. नोव्हेंबरअखेर तो पावणेसहाच्या, तर जुलैच्या आरंभी सातच्या सुमारास होतो. ‘दिवेलागण’, ‘तिन्हीसांज’ या शब्दांनी मराठी भाषिक जी वेळ सांगतो, ती सूर्याबरोबर चालते. तिला मिनिटांची कड नाही.

नभोवाणीस मात्र अशी सैल वेळ परवडत नाही. एक कार्यक्रम लांबला की पुढच्याचा काळ हिरावला जातो. म्हणून आशय ठरावीक मापात बसवावा लागतो. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, आरंभिलेले ‘गीतरामायण’ हे याचे ठळक उदाहरण होय. ग. दि. माडगूळकरांचे काव्य व सुधीर फडके यांचे संगीत यांना आठवड्यास एक गीत ही चौकट लाभली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. येथे पंचांगानेही कार्यक्रमपत्रिकेवर आपला हक्क सांगितला.

तथापि खरा प्रश्न श्रोत्याच्या वेळेचा आहे. सायंकाळी साडेसहास लागणारा कार्यक्रम वळसंगसारख्या गावी हिवाळ्यात अंधारात, तर जुलैत दिवसाउजेडी, शेतकरी अजून रानात असताना ऐकू येणार. १९५६ साली याच पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला, त्याचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात घ्यावयास हवे. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण २० कार्यक्रम योजण्यात आले. प्रक्षेपण संपल्यावर मंडळी तेथेच बसून चर्चा करीत. त्यांच्या शंका केंद्राकडे जात व पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्याचा वृत्तांत युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर विस्तारण्यास आरंभ झाला.

या योजनेत अर्धा तास केंद्राच्या घड्याळाचा होता. त्यानंतरचा काळ गावाचा होता. सांगण्यास मर्यादा व बोलण्यास मोकळीक, अशी ही वाटणी होती. नभोवाणीच्या इतिहासात प्रक्षेपणाची मिनिटे नोंदली जातात. त्यानंतर चालणाऱ्या संभाषणास कार्यक्रमपत्रिकेत स्थान नसते. परंतु ऐकलेल्या शब्दाचे गावाच्या भाषेत रूपांतर तेथेच होत असते.