दुकानाचा दिवा

लढायांचा आणि राजवटींचा इतिहास सांगणारे वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ येऊन गेले. आमचा विषय त्यामानाने फारच लहान आहे. दुकानदाराने आपल्या दिव्यापुरती वीज आपल्याच जागेत निर्माण करावी की बाहेरून विकत घ्यावी, एवढाच तो प्रश्न. पण हा वाद दीडशे वर्षांच्या घरातला आहे आणि अजून मिटलेला नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपुढे गेले नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभासदांची वाट पाहत वाचले. तेव्हा बोलण्यात कोठे दुकानाच्या मागल्या दाराकडून पाहिल्याचा वास आला, तर तो आमच्या धंद्याचा समजावा.

विजेच्या आधी मोठ्या शहरांतील दुकानांत गॅसचे दिवे असत. त्यांनी हवा तापे, कापड काळवंडे आणि आगीची धास्ती कायम असे. शिवाय त्या पिवळ्या उजेडात निळा कोणता आणि हिरवा कोणता हेच गिऱ्हाइकाला कळत नसे. १८७८ च्या अखेरीस फिलाडेल्फिया येथे जॉन वॉनामेकर यांच्या भव्य दुकानात विजेचे दिवे लागले. तेव्हा वीज विकणारे कोणी नव्हतेच म्हटले तरी चालेल. न्यूयॉर्कमधले एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झाले ते ४ सप्टेंबर १८८२ रोजी. ज्याला दिवा हवा त्याने इंजिन, पट्टा आणि डायनामो स्वतः बसवायचा. दिवेही कसले, तर दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये पेटणारी प्रखर ज्योत. कांड्या झिजत, आणि त्या बदलायला कोणीतरी शिडी घेऊन फिरावे लागे. गिऱ्हाइकांची नजर दिव्याकडे जाई. शिडीवरच्या माणसाचे नाव इतिहासात आम्हांला कोठे आढळले नाही.

लंडनची कथा याहून मनोरंजक आहे. न्यू बॉण्ड स्ट्रीटवर सर कूट्स लिंडसे यांची ग्रोव्हनर गॅलरी ही चित्रशाळा होती. चित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांनी १८८३ मध्ये तेथे वीज निर्माण करण्याची यंत्रे बसविली. तो लखलखाट पाहून शेजारचे दुकानदार म्हणू लागले, थोडी आम्हांलाही द्या. रस्ता खणायचा तर १८८२ च्या कायद्याचे लचांड मागे लागे. म्हणून तारा छपरांवरून नेल्या. पाहता पाहता चित्रशाळेचे वीजघर झाले. १८८६ साली तेथे सेबास्टियन द फेरांटी हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण मुख्य अभियंता म्हणून आला. त्याने ठरविले की गर्दीच्या पेठेत कोळसा जाळण्यापेक्षा दूर डेप्टफर्डला थेम्सच्या काठी प्रचंड केंद्र उभारावे आणि दहा हजार व्होल्टच्या दाबाने वीज शहरात आणावी. विचार योग्यच होता. पुढे जगाने तोच मार्ग धरला. पण नोव्हेंबर १८९० मध्ये ग्रोव्हनरच्या इमारतीला आग लागली आणि तिच्यावर विसंबलेली गिऱ्हाइके अंधारात गेली. ज्यांनी आपले जुने गॅसचे दिवे काढून टाकले नव्हते, ते त्या रात्री शहाणे ठरले असणार.

आमच्या मुंबईचाही यात मान आहे. शहरातील पहिले विजेचे दिवे १८८२ साली लागले ते क्रॉफर्ड मार्केटात; कोठल्या राजवाड्यात नव्हे, तर भाजी-फळांच्या बाजारात! पुढच्या वर्षी नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला. त्याच्या पुढल्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मार्केट मुकाट्याने गॅसवर परत आले. १८९४ मध्ये नगरपालिकेने स्वतःच वीज निर्माण करून आपली कचेरी आणि हे मार्केट उजळण्यासाठी पैसे मंजूर केले. तेही नीट तडीस गेले नाही. शहराला भरवशाची वीज मिळू लागली ती १९०५ साली ट्राम आणि वीज यांची कंपनी स्थापन झाल्यानंतर, आणि १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली तेव्हा.

केंद्राची वीज स्वस्त का पडते, हे शिकागोच्या सॅम्युअल इन्सल यांनी नीट ओळखले होते. दुकानाला वीज लागते संध्याकाळी, कारखान्याला दिवसा, ट्रामला कचेरीच्या वेळी. एकच यंत्र तिघांना पुरले तर ते रिकामे राहत नाही. दुकानाच्या तळघरातले यंत्र मात्र दिवसाचा बराच वेळ स्वस्थ बसून व्याज खाते. तरी थंड मुलखातील मोठी दुकाने आपली यंत्रे लवकर सोडीनात. कारण इंजिनातून निघालेल्या वाफेवर हिवाळ्यात दुकान उबदार राही. मुंबईच्या व्यापाऱ्याला त्या उबेचे काय अप्रूप!

या दिव्याने आणखी एक गोष्ट केली. दिवस मावळला तरी दुकान मावळेना. इंग्लंडात १८८६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील दुकाननोकरांचा आठवडा ७४ तासांवर आणला. जेवणाची सुट्टी धरून ७४! आणि ही सुधारणा! आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३९ मध्ये, आणि नंतर १९४८ मध्ये कायदा केला. आमचे सभासद त्याला गुमास्ता कायदाच म्हणतात.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आपल्याला आठवतच असतील. वॉनामेकरच्या तळघरातले यंत्र तेव्हा आपल्या प्रत्येक बाजारपेठेच्या बोळात येऊन धडधडू लागले. पुण्यात २००६ मध्ये कारखान्यांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज उपयोगात आणून शहराचे भारनियमन टाळण्याचा प्रयोग झाला. तालुक्याच्या गावांना ते भाग्य कोठले? एक लिटर डिझेल जाळावे तेव्हा कोठे तीनएक युनिट हाती येत. त्याचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. बोळात उभ्या राहणाऱ्या पोरांचा खोकला आम्ही त्याआधीच ऐकत होतो.

त्याच काळात एका कापड दुकानातला पोरगा आमच्याकडे आला. वीज गेली की हॅण्डल मारून यंत्र सुरू करण्याचे काम त्याच्याकडे होते. एके संध्याकाळी हॅण्डल उलटले आणि त्याचे मनगट मोडले. मालक म्हणाले, याला आम्ही कापडाच्या घड्या घालायला ठेवला आहे. यंत्राला हात लावायला कोणी सांगितले? वही उघडली तर हुद्दा 'मदतनीस' एवढाच. तीन महिने खेपा घातल्यावर दवाखान्याचा खर्च मिळाला, बुडालेला पगार मिळाला नाही.

आता दुकानांच्या छपरांवर सूर्याचे पत्रे चढत आहेत, आणि आम्हांला त्याचा आनंदच आहे. शंभर चौरस फुटांच्या जागेत दिवसाला चारएक युनिट वीज होते. ना धूर, ना धडधड. अडचण एवढीच की सूर्य मावळतो तेव्हाच पेठ उजळायची असते. म्हणून एकतर दिवसाची वीज जाळ्यात सोडून हिशेब वळता करून घ्यायचा, त्याचे नियम आपल्या राज्यात २०१५ मध्ये झाले. नाहीतर बॅटऱ्या ठेवायच्या. पण वळत्या हिशेबाने बिल कमी होते, वीज गेली की दिवाही जातो. तेव्हा बॅटरी आलीच. ती दुकानात कोठे असते, हे आपण उद्या जाऊन पाहावे. बहुधा जिन्याखाली, जेथे नोकर डबा खायला बसतात. आम्लाच्या बॅटरीला हवेशीर जागा लागते, हे तिच्या अंगावरच छापलेले असते.

पत्र्यांवर धूळ बसली की वीज घटते. ते ऊन चढण्यापूर्वी धुवावे लागतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका सभासदाला विचारले, पहाटे साडेपाचला छपरावर जातोस, तर तुझी हजेरी कितीला लागते? तो म्हणाला, "काका, शटर उघडते तेव्हा, दहाला."