बागेच्या जागी देऊळ, तळ्याच्या जागी बाग

दिवाळीच्या सुटीत शिर्डीला जाणाऱ्या मंडळींची आता मुळीच वाण नाही. समाधिमंदिराच्या रांगेत मुलांचा हात धरून पुढे सरकताना आपण एका जुन्या फुलबागेच्या भुईवर उभे आहोत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

ती बाग साईबाबांनी स्वतः केली होती. दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पाचव्या अध्यायात तिची हकीकत आहे. शिर्डी तेव्हा लहानसे खेडे. गावातली एक पडीत जागा बाबांनी साफसूफ केली आणि राहात्याहून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणून तिथे लावली. वामन तात्या नावाचे गृहस्थ त्यांना रोज दोन कच्चे घडे देत. विहिरीचे पाणी शेंदून ते घडे खांद्यावर वाहायचे आणि रोपांना घालायचे, हा बाबांचा नित्यक्रम. संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवले की फुटून जात, कारण ते भट्टीत भाजलेलेच नसत! दुसऱ्या दिवशी नवे दोन हजर. असे तीन वर्षे चालले. चमत्काराच्या कथा शिर्डीत हव्या तितक्या ऐकायला मिळतात. मला स्वतःला ही पाणक्याच्या मेहनतीची गोष्ट अधिक आवडते.

पुढे त्याच जागेवर नागपूरचे धनिक बापूसाहेब बुटी यांनी दगडी वाडा बांधावयास घेतला. आत मुरलीधराची स्थापना करावी असा त्यांचा बेत. पण १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, बाबांनी देह ठेवला आणि मुरलीधरासाठी योजलेल्या जागी समाधी झाली. वाड्याचे मंदिर झाले. फुलझाडे तर त्याआधीच गेली होती.

पुण्यात नेमके उलटे घडले. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे केले आणि मधोमध एक बेट राखले. सवाई माधवरावांच्या काळी, १७८४ साली, त्या बेटावर गणपती बसला. म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. पेशवाई गेली, कालांतराने तळ्याची उपयुक्तताही सरली, आणि विसाव्या शतकात ते आटवून नगरपालिकेने व पुढे महापालिकेने तिथे बागा उठविल्या. १९५३ साली पेशवे पार्क झाला, १९५६ साली त्यात ‘फुलराणी’ धावू लागली. तळे नाही, तरी गणपती अजून तळ्यातलाच! शिर्डीच्या बागेला एका माणसाचे खांदे होते, पुण्याच्या बागेला सार्वजनिक तिजोरी मिळाली. टिकण्यातला फरक मला तरी इथेच दिसतो.

शिर्डीतून हिरवळ अगदीच हद्दपार झाली असे मात्र नव्हे. लेंडी ओढ्याकाठी बाबा रोज फेरी मारीत. ती जमीन मुंबईचे मोरेश्वर प्रधान यांनी विकत घेतली आणि पुढे संस्थानाच्या हवाली केली. तीच आजची लेंडीबाग. तिथे निंब आणि पिंपळ यांच्यामध्ये नंदादीप आहे. दर्शन आटोपलेली मंडळी मुलाबाळांसह त्या सावलीत घटकाभर टेकतात, आणि मग पेढ्यांचे पुडे सांभाळीत गाडीच्या वेळेला उठतात.