कागदाचे माप आणि यंत्राचा रुसवा

छपाईयंत्राच्या ट्रेमध्ये कोरे कागद काठोकाठ भरलेले असावेत आणि तरीही यंत्राने ‘कागद घाला’ म्हणून अडून बसावे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. यंत्र बिघडलेले नसते. ते ‘लेटर’ मापाच्या कागदाची वाट पाहात असते, आणि आपण त्याच्यापुढे ‘ए-फोर’ ठेवलेला असतो. या भांडणाची मुळे दोनशे वर्षांहून जुनी आहेत.

गॉटिंगेन विद्यापीठात लिश्टेनबेर्ग नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. एका तरुण इंग्रजाला ते बीजगणित शिकवीत. त्याला त्यांनी उदाहरण घातले : असा कागद शोधून काढ, की मधोमध दुमडला तरी अर्ध्याचा आकार मूळ कागदासारखाच राहील. उत्तर निघाले, रुंदीस दोनाच्या वर्गमुळाने गुणावे, म्हणजे लांबी मिळते. ही हकीकत त्यांनी २५ ऑक्टोबर १७८६ च्या पत्रात लिहून ठेवली आहे. वर्गातले एक उदाहरण पुढे जगभरच्या कचेऱ्यांत जाऊन बसावे, याचे आम्हां शिकवणाऱ्यांना मोठे अप्रूप वाटते!

जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांनी या गुणोत्तरावर आखलेली मापे १९२२ साली राष्ट्रीय मानक झाली. ‘ए-झीरो’ ताव म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तो चार वेळा अर्धा केला की ए-फोर : २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब. चौरस मीटरला ८० ग्रॅमचा कागद घेतला तर एक पान ५ ग्रॅम भरते. पाकिटाचे वजन तोंडी काढावे. १९७५ साली हे आंतरराष्ट्रीय मानक झाले.

अमेरिका मात्र इंच सोडावयास तयार नाही. गंमत अशी, की १९२१ नंतर तेथील सरकारी कचेऱ्या ८ बाय साडेदहा इंची कागद वापरीत आणि बाकीचा देश साडेआठ बाय अकरा. १९८०च्या दशकात सरकारच लोकांच्या मापावर आले. हेच ते ‘लेटर’. संगणकाच्या पुष्कळशा प्रणाली त्याच देशात घडल्या, तेव्हा त्यांच्या पोटात हे माप आधीपासून बसलेले असते.

आपल्याकडे तिसराच पाहुणा होता : फुलस्केप. पूर्वी त्या कागदात विदूषकाच्या टोपीचे जलचिन्ह असे, त्यावरून हे नाव. न्यायालयांत तर लांबट ‘लीगल’ कागदाचे राज्य. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर आणि तोही पाठपोट छापलेला, असे ठरविले.

आता आपण म्हणाल, दोन-चार मिलिमीटरचे एवढे काय? लेटर हे ए-फोरपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद, पण १८ मिलिमीटर आखूड आहे. ए-फोरवर आखलेला अर्ज लेटर समजून छापला, तर तळाची एखाद-दुसरी ओळ गळू शकते. आणि अर्जात सही, तारीख बहुधा तळाशीच असते. एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज एवढ्याच कारणाने परत आलेला मी पाहिला आहे. मुदतीला दोन दिवस होते म्हणून बरे.

तेव्हा यंत्रावर चिडण्यापूर्वी माप तीन ठिकाणी पाहावे : मजकुराच्या पानाच्या मांडणीत, छापण्याच्या खिडकीतील प्रिंटरच्या गुणधर्मांत आणि खुद्द ट्रेच्या नोंदीत. तिन्हीकडे ए-फोर हवे. ट्रेमधील सरकत्या पट्ट्याही कागदाला टेकलेल्या असाव्यात. काही यंत्रे त्यांवरूनच माप ओळखतात. संगणकाचा प्रदेश ‘अमेरिका’ लिहिलेला असेल तर तो ‘भारत’ करावा, नाहीतर नवा मजकूर पुन्हा लेटरवरच उघडण्याचा संभव. घाई असेल तर ‘पानात बसवा’ हा पर्याय आहेच. मात्र नकाशा किंवा मापाने काढलेली आकृती असेल, तर तो निवडू नये. सारे थोडेसे आक्रसते, आणि पट्टी लावून मोजणाऱ्याला ते कळतही नाही.