हातसूज, स्तनकर्करोगानंतरची

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील लसीका ग्रंथी काढल्याने किंवा त्या भागाला किरणोपचार दिल्याने त्याच बाजूच्या हाताला येणारी दीर्घकालीन सूज. डॉक्टर तिला लिम्फेडीमा म्हणतात. ऊतींमधला द्रव परत वाहून नेणाऱ्या वाहिन्या तुटतात आणि तो हातात साठू लागतो. काखेतील बहुतेक ग्रंथी काढलेल्या साधारण ५ स्त्रियांपैकी एकीला ही सूज येते. रोग प्रथम ज्या ग्रंथींत पोचतो तेवढ्याच काढून तपासल्या, तर हे प्रमाण सुमारे २० जणींत एक इतके उतरते. मात्र त्यासाठी आजार लवकर सापडावा लागतो. आपल्याकडे गाठ वाढल्यावरच दवाखाना गाठणाऱ्या स्त्रिया अजून फार आहेत.

सूज बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसते, काहींना कित्येक वर्षांनी. ब्लाउजची बाही दंडात रुतते, बांगडी चढत नाही, संध्याकाळी हात जड होतो. सुरुवातीला सकाळपर्यंत सूज उतरते, म्हणून दुर्लक्ष होते.

उपचारांत गळलेले केस परत आले की घराच्या लेखी बाई बरी झालेली असते. कणीक मळणे, धुणे पिळणे, पाण्याचा हंडा उचलणे पुन्हा तिच्याकडेच येते. हाताला जपा, हा सल्ला कागदावर लिहून मिळतो. पण तिचे काम कोणी करायचे, हे त्यावर लिहिलेले नसते. खरे तर तो कागद घरातल्या पुरुषांच्या हातात द्यायला हवा. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणाऱ्या बाईची अडचण त्याहून मोठी. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटे ओरबाडतात. सुजलेल्या हातात एवढ्याशा जखमेतूनही जंतुसंसर्ग पसरतो आणि त्यानंतर सूज आणखी वाढू शकते.

अशा हाताने वजन उचलूच नये, असे पूर्वी सर्रास सांगत. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १४१ स्त्रियांवरील अभ्यासाने ही समजूत बदलली. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे हात वापरायचा आहे, पण सवय नसताना एकदम भरलेली घागर उचलायची नाही.

सूज पूर्ण जाणे अवघड, ताब्यात ठेवणे शक्य असते. त्यासाठी दाब देणारी घट्ट बाही, पट्ट्या बांधणे, द्रव पुढे सरकवणारे हलके मर्दन, व्यायाम आणि त्वचेची निगा हे उपाय आहेत. बाही मापाचीच हवी. रोजच्या वापराने ती काही महिन्यांत सैल पडते आणि बदलावी लागते. वैशाखाच्या उन्हात ती दिवसभर घालून वावरणे कष्टाचेच.

हात लाल, गरम होऊन दुखू लागला किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.