‘तक्रारी : शून्य’ हा आकडा कसा वाचायचा?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एकाच आकड्याबद्दल बोलूया. शून्य. क्रीडा संघटनांतल्या महिला आणि मुलींच्या लैंगिक छळाचा इतिहास शोधायला बसलात की कागदोपत्री हाच आकडा सगळ्यात जास्त भेटतो.

मी मूळची विज्ञानाची. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात की उपकरणाला पदार्थ दिसला नाही म्हणजे तो नमुन्यात नाही, असं नसतं. उपकरणाची शोधमर्यादा आधी तपासायची. इथे उपकरण कुठलं? तक्रार घेणारी यंत्रणा. ती किती बधिर आहे हे मोजायचं एक साधं माप आहे : घटना घडली ती तारीख आणि तक्रार अधिकृतपणे नोंदली गेली ती तारीख, या दोन्हींतलं अंतर.

पंचकुल्याचं प्रकरण घ्या. १२ ऑगस्ट १९९० रोजी हरियाणा लॉन टेनिस असोसिएशनच्या अध्यक्षाने १४ वर्षांच्या एका खेळाडू मुलीचा विनयभंग केला. (तिचं नाव सगळीकडे सापडतं, तरी मी इथे लिहीत नाही. तुमच्या टिपणांतही अशा वेळी सांकेतिक क्रमांकच वापरा, सवय लागते.) हा अध्यक्ष, एस. पी. एस. राठोड, पोलीस महानिरीक्षकही होता. आणि असोसिएशनचं कार्यालय कुठे? त्याच्या राहत्या घरीच. म्हणजे मुलीने तक्रार घेऊन जायचं कुठे? संघटनेत गेली तर तोच, पोलिसांत गेली तर त्याचंच खातं.

तरी कुटुंबीय गप्प बसले नाहीत. राज्याचे तेव्हाचे पोलीस महासंचालक आर. आर. सिंग यांनी चौकशी केली आणि सप्टेंबर १९९० मध्येच गुन्हा नोंदवावा अशी शिफारस केली. गुन्हा नोंदला गेला डिसेंबर १९९९ मध्ये, तोही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सीबीआयकडे. नऊ वर्षं चार महिने! मधल्या काळात, डिसेंबर १९९३ मध्ये, त्या मुलीने आत्महत्या केली होती. आणि राठोड १९९९ मध्ये राज्याचा पोलीस महासंचालक झाला होता. २००९ च्या डिसेंबरात शिक्षा झाली ती सहा महिने आणि १००० रुपये दंड. पुढे अपिलात ती दीड वर्षाची झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगून झालेली शिक्षा पुरेशी मानली.

आता विचार करा. कुणी १९९५ साली फक्त नोंदलेले गुन्हे मोजून टेनिस संघटनेचा तक्ता केला असता, तर या मुलीच्या रकान्यात काय आलं असतं? शून्य.

‘हे आपल्याकडेच होतं’ असं वाटत असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथे यंत्रणा बधिर होण्याची तऱ्हा वेगळी. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘इंडियानापोलिस स्टार’ने छापलं की तिथल्या जिम्नॅस्टिक्स महासंघाकडे पन्नासहून जास्त प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारींच्या फायली पडून होत्या. मुलीची किंवा पालकांची सही नसेल तर तक्रार ऐकीव समजायची, अशी रीत होती. कागद होते, पण त्यांना तक्रार मानत नव्हते. ती बातमी वाचून रेचल डेनहॉलंडर या माजी जिम्नॅस्टने वृत्तपत्राला कळवलं ते मात्र डॉक्टर लॅरी नासरबद्दल, ज्याचं नाव बातमीत नव्हतंच. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात १५६ जणींची निवेदनं ऐकली गेली. त्यांपैकी काही जणींनी १९९० च्या दशकातच मोठ्यांना सांगितलं होतं.

भारतात कागदावर बरंच बदललंय. १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. पॉक्सो नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यात मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने ते कळवणं बंधनकारक आहे, सहीची अट नाही. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात तर क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं ‘कामाचं ठिकाण’ म्हणून नावानिशी आलंय. बाई तिथे नोकरीला असायलाच हवी असंही नाही, त्यामुळे खेळाडू त्यात बसते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. पंचकुल्यात नेमका हाच दरवाजा नव्हता.

आणि तरीही २०२३ साली विनेश फोगट, साक्षी मलिक जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी आरोप नाकारले आहेत, त्यावर मी इथे बोलत नाही. आपल्या प्रश्नापुरतं एवढंच पाहा : कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती नव्हती, आणि याची दखल राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने घेऊन इतर महासंघांनाही नोटिसा धाडल्या. समितीच्या अध्यक्षपदी महिला, निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा, ही कायद्याची किमान अट. तेव्हा कायदा लागू होऊन नऊ वर्षं उलटून गेली होती.

२०१३ च्या कायद्यात वार्षिक अहवालात तक्रारींची संख्या देण्याची तरतूद आहे. त्यामुळे अभ्यासासाठी एखादी संघटना निवडलीत की तो आकडा मागाल, आणि बहुतेकदा उत्तर काय येईल ते तुम्हाला आता माहीत आहे. त्याच अर्जात आणखी तीन गोष्टी मागा : समिती कधी स्थापन झाली ती तारीख, सदस्य कोण आणि बाहेरचा सदस्य कुठला, आणि बैठका कधी झाल्या. समितीची तारीख तुमच्या अर्जानंतरची निघाली, तर आधीच्या वर्षांपुढे शून्य लिहू नका. तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहा.