चालू न होणारा कॉम्प्युटर आणि अब्बांचे शब्द

मागच्या उन्हाळ्यात अब्बांचा कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. 2001 साली घेतलेला. पेन्टियम थ्री, 128 एमबी रॅम, विंडोज 98. अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी या यंत्रावर एक सूची टाईप केली होती: श्रीगोंदा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज येणारे अरबी-फारसी मुळाचे शब्द. जिराईत, बागाईत, हंगाम, खरीप, रब्बी, मशागत. उर्दूत मशक्कत म्हणजे नुसते कष्ट. आमच्याकडे मशागत रानाची होते. असे शब्द. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश 1925 सालचा, तो अब्बांच्या उशाशी असायचा, पण त्यांना कोशातला नव्हे, बांधावरचा शब्द हवा होता. शेख महंमद महाराजांनी ज्या गावात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, तिथल्या माणसाला हा नाद लागला तर नवल नाही.

छापील प्रत एकही नाही. जे काही होतं ते या डब्यात, आणि डबा चालू होईना. बटण दाबलं की आतला पंखा अर्धा गिरका घेई आणि थांबे.

भाच्याने शहाणपणा केला. म्हणाला, मामू, आधी हार्ड डिस्क काढू, मग बाकीच्याला हात लावू. बाजारात मिळणाऱ्या जोडणीने ती डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली. फिरली, आवाज नीट होता, फाईल्स सगळ्या उतरल्या. आम्ही खूश. पण फाईल उघडेना. ती होती इनपेजची, आणि अब्बांची इनपेजची प्रत एका कुलपाशिवाय चालत नसे. कुलूप म्हणजे पेटीच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या सॉकेटला स्क्रूने आवळलेला बोटभर तुकडा. तसं सॉकेट आता कुठल्या लॅपटॉपला असतं? म्हणजे जुनी पेटीच जिवंत करायला हवी.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उर्दूची नस्तालीक लिपी उतरत्या ओळीत चालते, आणि प्रत्येक अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं. खिळ्याच्या छपाईला ती कधी दाद देईना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांच्या हातची निघत. मुंबईत 1938 साली सुरू झालेल्या ‘इन्किलाब’चेही कित्येक दशकांचे अंक असेच हातांनी लिहिलेले. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीबरोबर ‘नूरी नस्तालीक’ तयार केला. त्यांनी अक्षरं जोडण्याचा नाद सोडून जोडलेल्या अक्षरांचे तयार तुकडेच हाताने लिहून काढले, वीस हजाराच्या आसपास. लाहोरच्या ‘जंग’ने तो त्याच वर्षी वापरला. ते यंत्र मोठ्या वर्तमानपत्राच्याच खिशाला परवडणारं होतं. 1994 साली दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने तोच नूरी साध्या कॉम्प्युटरवर आणला आणि कातिबांचं काम बघता बघता गेलं. अब्बांचे एक स्नेही कातिब होते. त्यांनी शेवटपर्यंत या कॉम्प्युटरला ‘सौत’ म्हटलं.

मराठीचं दुखणं वेगळं होतं, पण फार वेगळं नाही. पुण्यात 1988 साली सी-डॅक उभं राहिलं आणि मोहन तांबे यांचं जिस्टचं काम कानपूरच्या आयआयटीतून तिथे आलं. जिस्ट हे एक कार्ड होतं. कॉम्प्युटरच्या खाचेत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानकही ठरलं. पण डीटीपीच्या दुकानांतून चालले ते फॉन्ट. एकाने ‘क’ इंग्रजी ‘के’च्या जागी बसवला, दुसऱ्याने भलतीकडे. प्रत्येकाचा संसार वेगळा. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी. अब्बांनी सूचीचा मराठी रकाना अशाच एका फॉन्टमध्ये टाईप केला होता.

मला लागतं ते पुढेच. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत अरबी लिपीही होती आणि देवनागरीही. म्हणजे अब्बा टाईप करायला बसले त्याच्या दहा वर्षं आधी दोन्ही लिप्यांना एका घरात जागा मिळालेली होती. पण विंडोज 98 ला युनिकोडमधली देवनागरी जुळवता येत नव्हती. ते विंडोज 2000 आणि एक्सपीपासून जमू लागलं. थोडक्यात चुकामूक झाली.

तर पेटी. आधी वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस. 1995 नंतरच्या एटीएक्स पद्धतीत पुढचं बटण वीज तोडत नाही, बोर्डाला फक्त इशारा देतं. म्हणून डबा बोर्डापासून सोडवून त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो बोर्डाशिवाय चालू करून पाहता येतो. कागदाची पिन पुरते. पंखा फिरला. मल्टिमीटरवर 12, 5 आणि 3.3 व्होल्टही नीट दिसले. (हा डबा स्वतः उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो.) मग बोर्डावरून प्रोसेसर, एक रॅम आणि डिस्प्ले कार्ड सोडून बाकी सगळं काढलं. तरी अर्धा गिरका आणि गप्प.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांनी नुसतं पाहून सांगितलं. प्रोसेसरभोवती उभे असलेले छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर, त्यांतल्या पाचांची टोपी फुगली होती, एकीवर तपकिरी खपली. हा आमच्या एकट्याच्या घरचा रोग नव्हता. 1999 पासून पुढची काही वर्षं जगभरच्या बोर्डांत असे कपॅसिटर गेले. आतल्या द्रवाचं मिश्रण सदोष होतं. त्यातून वायू तयार होई आणि टोपी फुगे. प्रोसेसरला लागणारी वीज सपाट करून देणं हे त्यांचं काम. ते गेले की बोर्ड सुरू होता होता कोलमडतो. चाचांनी त्याच मापाचे, 6.3 व्होल्ट 1500 मायक्रोफॅरडचे, नवे लावले. पट्टी असलेली बाजू ऋण, हे त्यांनी मला दोनदा दाखवलं. मी मास्तर, त्यामुळे कुणी मला शिकवलं की जरा बरं वाटतं.

या वेळी पंखा चालू राहिला, पण पडदा काळा आणि लांब लांब बीप. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही रीत आहे: पडद्यावर काही दाखवण्याआधी यंत्र स्वतःची तपासणी करतं आणि अडलं तर आवाजात सांगतं. आमच्या बोर्डावर लांब बीप म्हणजे रॅम. तिच्यावरचा उपाय भारतातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा, एकच आहे. वर्गातून आणलेलं पेन्सिलीचं खोडरबर घेतलं, रॅमचे सोनेरी दात हलक्या हाताने घासले, भुगा झटकला, परत बसवली.

एक छोटा बीप. मग इंग्रजीत तक्रार: आठवणीतल्या नोंदी जुळत नाहीत, एफ 1 दाबा. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपला होता. आयबीएमच्या 1984 च्या एटी मॉडेलपासून घड्याळ आणि जुळवणी अशा सेलवर जपली जाते. नवा सीआर 2032 घातला. तारीख विचारली तेव्हा मी आजची घातली, आणि का कोण जाणे, ती घालताना हात थांबला.

डिस्क परत लावली. विंडोज 98 चं निळं आकाश आलं. मागे कुलूप अजून आवळलेलंच होतं. ते काढून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं म्हणून हरवलं नव्हतं. फाईल उघडली. उजवीकडे नूरी, डावीकडे मराठी, अब्बांनी सोडल्या होत्या तशा.

आता पेटीची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावतो. रोज मगरिबनंतर तासभर मी जुन्या पडद्यावरून वाचतो, मुलगी लॅपटॉपवर दोन्ही रकाने युनिकोडमध्ये टाईप करते. काही शब्दांपुढे अब्बांनी प्रश्नचिन्ह टाकलं आहे, म्हणजे मूळ सापडलं नव्हतं. परवा असा एक आला तेव्हा ती म्हणाली, हे चिन्ह काढू का, अब्बू? म्हटलं, राहू दे, तेही टाईप कर.